हिरव्यागार देशात वैरणीची चणचण

दर जानेवारीत एक फोटो व्हॉट्सॲपवर हमखास फिरतो. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातला हत्ती सोंडेने ख्रिसमसचं झाड उचलून तोंडात कोंबतोय. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, 'सण संपला, झाड कामी आलं, शिका काहीतरी!'

फोटो खोटा नाही. पण ती झाडं कुणाच्या दिवाणखान्यातून आलेली नसतात. ठरलेल्या विक्रेत्यांकडची, न विकलेली, कधीच न सजवलेली झाडं तेवढी घेतात. घरातल्या झाडावर चमकीचे कण, तारा आणि कसलेकसले फवारे असतात, ते हत्तीच्या पोटात जाऊ द्यायचे नसतात. आणि मुख्य म्हणजे ते झाड हत्तीचं जेवण नव्हे. ते तोंडी लावणं आहे.

मग जेवण काय? बर्फ पडणाऱ्या देशात हत्ती, जिराफ, झेब्रा, गेंडा वर्षभर खातात तरी काय? मी माणदेशातला. आमच्याकडे वैरणीची चिंता म्हणजे पाण्याची चिंता. इंग्लंड, हॉलंड, जर्मनीत तर बारा महिने पाऊस, जिकडे बघावं तिकडे कुरण. तिथे वैरण कमी पडेल असं कुणाला वाटणारही नाही. पण पडते. गवत कमी असतं म्हणून नाही, त्या जनावराला चालेल असं गवत आणि पाला मिळत नाही म्हणून.

म्हैस कशी खाते, शेळी कशी खाते

बांधावर म्हैस सोडली की ती मान खाली घालते आणि जिभेने गवताचा झुपका ओढून भराभरा पोटात ढकलते. निवडानिवड फार करत नाही. नंतर निवांत बसून रवंथ. शेळीचं तसं नाही. ती बाभळीला पुढचे पाय टेकवून उभी राहील, काट्यांतून नेमकं पान खुडेल, दोन शेंगा खाईल आणि पुढच्या झुडपाकडे जाईल. गुराखी याला शेळीचा नखरा म्हणतात, पण तो तिच्या पोटाचा स्वभाव आहे.

गवत म्हणजे चिवट धागा. तो मुरायला वेळ लागतो. म्हणून गायी-म्हशींचं कोठीपोट, म्हणजे चार कप्प्यांपैकी पहिला मोठा कप्पा, पिंपासारखं असतं. त्यात गवताचा थर तरंगत राहतो आणि जिवाणू तो सावकाश कुजवतात. झाडाच्या पानात धागा कमी आणि रस जास्त. ती लवकर मुरतात, उरलेला भाग लवकर पुढे जातो. पाला खाणाऱ्यांचं कोठीपोट म्हणून वेगळ्या बांधणीचं. जर्मन शास्त्रज्ञ राइनहोल्ड हॉफमान यांनी १९८९ साली रवंथ करणाऱ्यांची याच आधारावर विभागणी मांडली: एका टोकाला गवतखाऊ, दुसऱ्या टोकाला पालाखाऊ, मध्ये दोन्ही खाणारे. त्यांच्या काही तपशिलांवर पुढे वाद झाले, पण ढोबळ चौकट आजही वापरात आहे. आपली शेळी या मधल्या गटातली.

जिराफ पक्का पालाखाऊ. त्याचा जंगलातला भाऊबंद ओकापी आणि मूस हे थंड देशातलं मोठं हरीणही तसेच. गवा, म्हैस, बायसन गवतखाऊ. झेब्रा आणि गेंडा रवंथ करत नाहीत, त्यांच्यात गवत कुजवण्याचं काम मागच्या आतड्यात चालतं, पण आवडीची विभागणी तिथेही आहेच. पांढऱ्या गेंड्याचा ओठ रुंद, सपाट, गवत कापायच्या यंत्रासारखा. काळ्या गेंड्याचा ओठ टोकदार, फांदी पकडायला बनवलेला. नावं काळा-पांढरा असली तरी रंग दोघांचाही मातकटच. ओळखायचे ते ओठावरून. हत्ती दोन्ही खातो, आणि भरपूर खातो.

गवत फार चांगलं, हाच तोटा

आता तिथल्या गवताकडे येऊ. गवतवर्गाच्या वनस्पती सूर्यप्रकाशातून अन्न दोन वेगवेगळ्या रीतींनी बनवतात. शास्त्रज्ञ त्यांना सी-थ्री आणि सी-फोर म्हणतात. आपण 'थंड हवेची' आणि 'उष्ण हवेची' म्हणू. ज्वारी, बाजरी, मका, ऊस, हरळी ही सगळी उष्ण हवेची. गहू आणि युरोपच्या कुरणातलं रायग्रास ही थंड हवेची.

दिवाळीनंतर माळावरून चालताना धोतराला आणि पायमोज्यांना जे टोचतं ते कुसळी गवत आठवा. तेच कुसळी आफ्रिकेच्या माळरानावरही उगवतं. झेब्रा आणि पांढरा गेंडा वर्षानुवर्षं असल्याच गवतांवर जगत आले: खरबरीत, धागेदार, साखर आणि प्रथिनं बेताची. दिवसभर चरावं तेव्हा पोट भरतं.

युरोपातलं रायग्रास म्हणजे याच्या अगदी उलट. दुभत्या गायींसाठी पिढ्यानपिढ्या निवडून निवडून गोड केलेलं. शिवाय थंड हवेची गवतं आपली जादा साखर फ्रुक्टान नावाच्या रूपात खोडात साठवतात. उष्ण हवेची गवतं ते करत नाहीत. थंडीत स्वच्छ ऊन पडलं की पान साखर बनवत राहतं, पण गारठ्याने वाढ थांबलेली असते, त्यामुळे ती साखर खर्चच होत नाही. दवाने गोठलेल्या, ऊन पडलेल्या सकाळी ते कुरण दिसतं देखणं, पण घोड्याला ते मिठाईचं ताट असतं. फ्रुक्टान मागच्या आतड्यात एकदम आंबलं की खुरांना आतून दाह होतो आणि जनावर पाय टेकवेना होतं. युरोपातल्या घोडेवाल्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. झेब्रा घोड्याचाच भाऊबंद.

म्हणून संग्रहालयाचा माणूस गवत विकत घ्यायला जातो तेव्हा दुधाच्या धंदेवाल्याच्या बरोबर उलटं मागतो. दूधवाल्याला हवं कोवळं, पानांनी भरलेलं. याला हवं जुन्या, खत न मारलेल्या कुरणातलं, उशिरा कापलेलं, काडीवर आलेलं. काही ठिकाणी वाळलेल्या गवतात मुद्दाम गव्हाचं काड मिसळतात, म्हणजे हत्तीचं तोंड तासन्‌तास चालू राहतं पण अंगावर चरबी चढत नाही. याच हेतूने गवत जाळीत भरून उंच टांगतात. हत्ती ते चिमटी चिमटीने ओढत बसतो. बघणाऱ्याला वाटतं, का छळताहेत बिचाऱ्याला!

असं गवत मिळवणंही सोपं नाही. कापून सलग तीन-चार कोरडे दिवस हवेत, आणि ऐन उन्हाळ्यात पाऊस येतो. अर्धवट वाळलेलं गवत गठ्ठ्यात बांधलं तर बुरशी धरतं. फार ओलं असेल तर आतून तापून पेटही घेतं. आपल्याकडे भिजलेली कडब्याची गंजी आतून वाफाळते, तोच प्रकार.

जिराफ: पोट भरलेलं, अंगात काही नाही

गवतखाऊंचं निदान कुरणावर भागतं. खरी कसोटी जिराफाची.

युरोपात जिराफाचं कौतुक जुनं आहे. इजिप्तचा तेव्हाचा राज्यकर्ता मुहम्मद अली याने फ्रान्सच्या राजाला भेट दिलेली जिराफ मादी १८२६ साली मार्सेयच्या बंदरात उतरली. सोबत दुभत्या गायी होत्या, कारण पिल्लू अजून दुधावर होतं. पुढच्या वर्षी ती चालत चालत पॅरिसला पोचली आणि १८४५ पर्यंत जगली. त्याच सुमारास इंग्लंडच्या राजाला मिळालेलं जिराफ मात्र दोन वर्षांतच गेलं. पुढे १८३० च्या दशकात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात वास्तुकार डेसिमस बर्टन यांनी जिराफांसाठी उंच दारांचं घर बांधलं. ते आजही वापरात आहे. थोडक्यात, घराचा प्रश्न जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच सुटला. जेवणाचा सुटायला त्याहून फार जास्त वेळ लागला.

१९७८ साली अमेरिकन पशुवैद्य मरे फाउलर यांनी एक विचित्र प्रकार नोंदवला. संग्रहालयातली जिराफं, वरून धडधाकट दिसणारी, अचानक मरत होती. कापून पाहिलं तर पोटात अन्न होतं, पण हृदयाभोवती आणि मूत्रपिंडाभोवती जिथे चरबी असायची तिथे पाणचट जेलीसारखा पदार्थ. म्हणजे जनावर रोज खात होतं आणि आतून उपाशी होतं. थंडी पडली किंवा जागा बदलली की शिल्लकच नसल्यामुळे ते कोसळे.

असं का? जिराफाला वाळलेलं गवत घातलं तर तो पुरेसं खातच नाही. त्याच्या जिभेला आणि पोटाला ते परकं. गवतात वाळूसारखे सूक्ष्म कण असतात, त्यांनी दाढाही झिजतात. बंदिस्त जिराफांच्या दाढा तपासल्या तेव्हा त्यांची झीज पालाखाऊपेक्षा गवतखाऊसारखी निघाली. मग पोट भरावं म्हणून पाळणारे धान्याची पेंड वाढवत. इथे दुसरा खड्डा.

गावात लग्न किंवा भंडारा झाला की उरलेला भात आणि पोळ्या कुणीतरी प्रेमाने गायीपुढे ओततं. गाय मिटक्या मारत खाते आणि रात्रीतून पोट फुगून आडवी होते. पिष्ट एकदम आंबतं, कोठीपोट आंबट होतं, धागा कुजवणारे जिवाणूच मरतात. जिराफाच्या बाबतीत हेच रोज थोडं थोडं होत होतं. भंडारा एक दिवसाचा, इथे रोजचाच.

आज बऱ्याच ठिकाणी जिराफाच्या ताटाचा पाया असतो लसूणघास, वाळवलेला, पानं न झडलेला. लसूणघास गवत नव्हे, मेथीच्या कुळातला, पानाच्या जवळचा. त्याला जोड बीटच्या चोथ्याची, धान्याची नाही. आणि वर शक्य तितका खरा पाला.

एका हिवाळ्याचा हिशेब

मोठं जिराफ दिवसाला ३० किलोंच्या आसपास ओला पाला खाऊ शकतं. सहा जिराफांचा कळप धरा. दिवसाचे १८० किलो. युरोपात नोव्हेंबर ते मार्च झाडं उघडी असतात, म्हणजे १५० दिवस. झाले २७ टन. हे नुसतं खाण्याजोगं, फांदीचं लाकूड वेगळं. एवढा पाला हिवाळ्यात कुणीच देत नाही, म्हणूनच लसूणघास पाया आणि पाला पुरवणी. पण पुरवणीसुद्धा आणायची कुठून?

उन्हाळ्यात ठीक चालतं. वाळुंजाच्या कुळातला विलो असतो, शिवाय हेझल, हॉथॉर्न, लिंडन ही झाडं. विलो तर वरदानच: बुंध्यापासून छाटला की एका हंगामात माणसाहून उंच फोक देतो. आपल्याकडे शेवरी छाटतात तसाच. काही संग्रहालयं स्वतःचे विलोचे मळे ठेवतात, काही रस्त्याकडेची झाडं छाटणाऱ्यांशी संधान बांधतात. पानगळीनंतर उरतात काटेरी ब्रॅम्बलची झुडपं, जी मवाळ हिवाळ्यात थोडी हिरवी राहतात, आणि उघड्या फांद्या, ज्यांची साल जिराफ आवडीने सोलतो.

पाल्याचं मुरघास

यावरचा उपाय आपल्या दूधवाल्यांना नवा नाही. मक्याची कुट्टी खड्ड्यात किंवा पिशवीत दाबून, हवा काढून, बंद करून दीड-दोन महिने ठेवली की मुरघास होतं. हवा नसताना दह्यातल्यासारखे जिवाणू साखरेचं आम्ल करतात आणि त्या आंबटपणात चारा टिकतो. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या प्राणिवैद्यांनी हेच झाडाच्या पाल्यावर करून पाहिलं. जून-जुलैत पानांसकट कोवळ्या डहाळ्या पिंपात ठासून भरायच्या, झाकण घट्ट लावायचं, आणि हिवाळ्यात काढायच्या.

अडचण ठासण्यात आहे. मक्याची कुट्टी दबते, डहाळ्या दबत नाहीत, काटक्यांमध्ये हवा अडकते. हवा राहिली की बुरशी, आणि बुरशीचं पिंप सरळ फेकायचं. चांगलं जमलेलं पिंप उघडलं की आंबट-गोड वास येतो, पानं ऑलिव्हच्या रंगाची होतात, पण पान पानच राहतं. आपल्याकडे मुरघासाची पिशवी मुठीत दाबून, वास घेऊन पारखणारे शेतकरी आहेत. त्यातल्या कुणालाही झुरिकला उभं केलं तर तो पहिल्या दिवशी कामाला लागेल.

दुसरा मार्ग पाला पिशव्यांत भरून गोठवण्याचा. पानं जवळजवळ ताजी राहतात, पण शीतगृहाचं बिल बघून डोळे पांढरे होतात. तिसरा मार्ग सगळ्यांत जुना. स्कँडिनेव्हियात आणि आल्प्समध्ये शेतकरी शेकडो वर्षं ॲश, एल्म या झाडांच्या डहाळ्यांच्या जुड्या उन्हाळ्यात बांधून, सावलीत वाळवून, हिवाळ्यात शेळ्या-मेंढ्यांना घालत. ट्रॅक्टर आला, गवत स्वस्त झालं, जुड्या विस्मरणात गेल्या. आता त्याच जुड्या आफ्रिकेच्या जिराफासाठी पुन्हा बांधल्या जातात, याची मला गंमत वाटते.

सरळ आफ्रिकेतून का मागवत नाहीत?

एक कारण खर्च. दुसरं जास्त गंभीर: रोग. ब्रिटनमध्ये २००१ साली लाळ्या-खुरकूत पसरली तेव्हा साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. हा विषाणू गवतावरूनही येऊ शकतो. त्यामुळे वाळलेलं गवत ठरावीक देशांतूनच आणू देतात, आणि लाळ्या-खुरकूत असलेला आफ्रिकेचा बहुतेक भाग त्यात बसत नाही.

तिसरं कारण, लांबच्या पुरवठ्याचा भरवसा नसतो हे, कॅनडातल्या कॅलगरीच्या प्राणिसंग्रहालयाने २०२० साली शिकवलं. तिथे चीनहून आलेले दोन पांडा होते. पांडा काही माळावर चरणारा नाही, पण बांबू हे गवतच. दोघांना रोज प्रत्येकी ४० किलोंच्या घरात ताजा बांबू लागे आणि तो चीनहून विमानाने येई. कोविडने विमानं थांबली. दुसरीकडून आणून पाहिला, पण पुरवठा कधी उशिरा, कधी खराब. शेवटी संग्रहालयाने ठरवलं की बांबू इकडे आणण्यापेक्षा पांडाच बांबूकडे पाठवू. परवानग्यांना महिने लागले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये दोघं परत गेले. करार आणखी काही वर्षांचा होता.

जनावराला कळतं की काय खायचं

हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो आणि तो अर्धाच खरा आहे. कळतं ते आपल्या मातीतलं, आईमागे चालत शिकलेलं. आफ्रिकेच्या जनावराला इंग्लंडमधल्या चर्चच्या आवारातला यू वृक्ष कुणी ओळखून दिलेला नाही. त्याची मूठ-दोन मुठी पानं मोठं जनावर मारू शकतात, आपल्या कण्हेरीसारखी. बागेतलं रोडोडेंड्रॉन असंच. 'खोटी बाभूळ' म्हणून ओळखलं जाणारं रॉबिनिया तर नावानेच फसवतं. खऱ्या बाभळीशी नातं दूरचं, आणि साल घोड्याला विषारी.

सगळ्यांत वाईट वाळलेल्या गवतातलं विष. रॅगवर्ट हे पिवळ्या फुलांचं तण ताजं असताना कडू लागतं, म्हणून घोडे त्याला बहुधा टाळतात. वाळलं की कडवटपणा जातो, विष राहतं, आणि यकृत हळूहळू निकामी होतं. ब्रिटनने या एका तणासाठी २००३ साली वेगळा कायदा केला. सिकॅमोर या मेपलच्या बियांनी आणि कोंबांनी घोडे दगावतात, आणि चिनी वंशाची पेर डेव्हिड हरणंही दगावल्याचं आढळलं आहे.

म्हणूनच शेजाऱ्याने प्रेमाने आणून दिलेली बागेतली छाटणी संग्रहालयं बहुधा नम्रपणे परत करतात. झाड ओळखता येतं, त्यावर महिन्यापूर्वी काय फवारलं ते ओळखता येत नाही.

मग गोळीपेंडच द्या की

देतात. पण थोडी, आणि उरलेली उणीव भरून काढायला. काळ्या गेंड्याचं उदाहरण घ्या. जंगलात तो जी कडवट झुडपं खातो त्यांत टॅनिन असतं, चहाला तुरटपणा देणारं तेच. टॅनिन लोहाला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. संग्रहालयात त्याला लसूणघास आणि लोहयुक्त पेंड मिळाली. तुरटपणा गेला, लोह मात्र भरपूर, आणि ते यकृतात साठत गेलं. त्याच संग्रहालयातल्या पांढऱ्या गेंड्याला हा त्रास नाही. डॉक्टर आपल्याला जेवणानंतर लगेच चहा नको म्हणतात, लोह शोषलं जात नाही म्हणून; काळ्या गेंड्याला नेमका तो चहाच हवा होता.

आमच्याकडच्या चारा छावण्यांत गुरांना उसाचं वाढं घालत. दुसरं काही नव्हतंच, आणि त्यावर जनावरं जगली हे खरं. पण नुसत्या वाढ्यातल्या ऑक्झलेटने अंगातलं कॅल्शियम कमी होतं, हे जुनी माणसं आणि पशुवैद्य दोघंही सांगत. गव्हाणीत काहीतरी असणं आणि गव्हाणीत योग्य ते असणं यातलं अंतर दुष्काळात आम्ही पाहिलं. युरोपातली संग्रहालयं ते सुबत्तेत बघतात.

एवढा खटाटोप, तर ठेवायचेच कशाला?

प्रश्न रास्त आहे आणि मला त्याचं गुळमुळीत उत्तर द्यायचं नाही. ज्या संग्रहालयाला हिवाळ्यात पाला उभा करता येत नाही त्याने जिराफ ठेवू नये, असं माझं मत आहे. गरम घर, मोठं आवार, माहितीफलक हे सगळं पैशाने एकदा होतं. पाला रोज लागतो. दुसरीकडे, काळ्या गेंड्यासारख्या शिकारीने पोखरलेल्या जातीचे काही प्राणी सुरक्षित ठिकाणी असणं मोलाचं आहे, आणि ज्यांनी त्यांचं पोट समजून घेतलं त्यांच्याकडे ते नांदतातही.

तुमचा मुलगा-सून तिकडे असतील आणि हिवाळ्यात तुम्हाला प्राणिसंग्रहालय दाखवायला नेलं, तर जिराफाच्या घरात मान वर करून बघा. गव्हाणी किती उंच आहे, तिच्यात हिरवट-करड्या काड्यांचा लसूणघास आहे की पिवळं गवत, आणि कुठे साल सोललेल्या पांढऱ्या फांद्या लटकताहेत का. नशीब असेल तर तेवढ्यात एखादा कामगार निळं पिंप ढकलत आणेल, झाकण काढेल आणि थंड हवेत ओळखीचा आंबट वास पसरेल. आजूबाजूची पोरं नाक मुरडतील. जिराफ मात्र झाकणाचा आवाज ऐकूनच निघालेला असेल.